ती येते आपली

मेथी पेरायची तर आधी माती भुसभुशीत करावी लागते. खुरप्याने ढेकळं फोडायची, जुनं शेणखत कालवायचं, तळहाताने वरचा थर सारखा करायचा, मग दाणे विस्कटून वर नखभर माती भुरभुरायची. नोव्हेंबरातल्या एका रविवारी हे सगळं करून मी उठले, कंबर सरळ केली, नळावर हात धुतले आणि वळून बघते तर वाफ्याच्या मधोमध ती.

बसली नव्हती, कामाला लागली होती. उजव्या पंजाने चार-पाचदा माती उकरली, खड्डा हुंगला, नापसंत केला. वीतभर पलीकडे दुसरा काढला. तो पसंत पडल्यावर त्यावर बसून तिने नजर लावली कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, मुहूर्ताला अजून दोन मिनिटं आहेत म्हणून थांबलेल्या गुरुजींसारखी. उरकल्यावर वळून खात्री करून घेतली आणि चारही बाजूंनी माती ओढून, माझ्या दाण्यांसकट, सगळं नीट झाकलं. मग कुठे माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात ओशाळेपणा शोधायचा मी प्रयत्न केला. नव्हता.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर अकरा बाय सहाचा एक तुकडा आहे. कागदोपत्री तो सोसायटीचा. तण काढायची वेळ आली की माझा. तिथे एक कढीपत्ता, एक बोगनवेल, अळूची चार पानं आणि थंडीत मेथी-कोथिंबीर, एवढाच माझा पसारा. लाल माती नर्सरीतून पोत्याने विकत आणावी लागते आणि पोतं रिक्षात घालताना रिक्षावाल्याचा चेहरा बघावा लागतो. अशा मातीत दुसऱ्याच्या मांजराने रोज सकाळी येऊन बसावं, हे मनाला लागतंच.

दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या, इथून खरा घोळ. पहिल्या मजल्यावरच्या आजी तिला ठकी म्हणतात आणि रोज सकाळी वाटीभर दूध देतात. दुसऱ्या मजल्यावरची मुलं ब्राउनी म्हणतात आणि बिस्किटं टाकतात. वॉचमन म्हणतो महाराणी. शेजारच्या बिल्डिंगमध्येही तिचं एक नाव आहे म्हणे, तिकडे तिला बांगड्याची डोकी मिळतात. चार नावं, चार जेवणं, आणि पाचवं घर माझं. माझ्या वाट्याला नाव नाही, फक्त शेवट.

सुरुवातीची दोन वर्षं मी कोणालाच काही बोलले नाही. एकदा आजींना जिन्यात गाठून, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं, "यंदा मेथी काही नीट उगवली नाही हो" असं म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "बियाणं जुनं असेल." दुसऱ्यांदा जरा धीर करून म्हटलं, "आजी, तुमची मांजर..." त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "अगं, माझी कुठली? मी काय पाळलीय तिला? ती येते आपली."

ती येते आपली. या तीन शब्दांपुढे काय बोलणार? आपल्याकडे कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. मांजर बहुतेक घरांत 'येतं'. आलं तर खाऊ घालायचं, नाही आलं तर विचारायचं नाही. त्यामुळे हक्क सगळ्यांचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

मग उपाय सुरू झाले. सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिला सल्ला डांबर गोळ्यांचा. त्या मी वाफ्याच्या कडेने ठेवल्या आणि दोन दिवस आमच्याच स्वयंपाकघरात कपाटातल्या जुन्या शालूसारखा वास येत राहिला. तिसऱ्या दिवशी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. नॅफ्थलीन मांजराला विषारी, आणि रांगत्या मुलाने तोंडात घातली तर त्यालाही. हातमोजे घालून एकेक गोळी वेचली. ठेवताना मोजल्या नव्हत्या, म्हणून वेचताना अर्धा तास गेला.

नणंदेने लाल तिखट भुरभुरायला सांगितलं. ते मात्र मी केलं नाही. मांजर दिवसभर पंजे चाटतं आणि त्याच पंजाने तोंड पुसतं. ते तिखट कुठे कुठे जाईल हे डोळ्यांपुढे आलं आणि आपण मेथीसाठी एवढं करावं का, असं वाटलं.

संत्र्याची सालं टाकली. थंडीत नागपुरी संत्री घरात असतातच. तीन दिवस गुण आला. चौथ्या दिवशी सालं सुकली, वास गेला आणि ती सालं बाजूला सारून बसली. मग निळ्या पाण्याच्या बाटल्या. आमच्या भागात ही साथच आहे. दर दुसऱ्या फाटकाशी नीळ घातलेल्या पाण्याची बाटली लटकलेली दिसेल. कुत्री लांब राहतात असं म्हणतात. मी चार कोपऱ्यांत चार ठेवल्या. ती आली, पहिल्या बाटलीला गाल घासला, मग दुसरीला, मग तिसरीला. बघायला फार लोभस होतं. मांजराच्या गालाशी वासाच्या ग्रंथी असतात आणि असं घासणं म्हणजे 'हे माझं' असा शिक्का मारणं, हे मला नंतर कळलं. म्हणजे तिला घाबरवायला ठेवलेल्या बाटल्यांवर तिने आपली पाटी लावून घेतली होती.

लहानपणी चिपळूणजवळच्या आजोळी मांजरं घरात खुशाल हिंडायची, पण आजीची कधी मांजराशी भांडणं झालेली आठवत नाहीत. दूध शिंक्यात, दही शिंक्यात, उरलेला भात जाळीच्या कपाटात, कपाटाला खिटी, आणि कपाटाचे चारही पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत. मांजराने यायचंच, हे आजीने धरलेलं होतं. भांडं कुठे टांगायचं एवढं फक्त तिच्या हातात होतं. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, या म्हणीत बोक्याला कोणी नावं ठेवलेली नाहीत, हे माझ्या लक्षात यायला पन्नाशी उलटावी लागली. दोष असेल तर शिंक्याचा.

कणगीतल्या भाताला उंदीर लागू नयेत म्हणून तिला मांजर हवंच असायचं. मारायचा तर प्रश्नच नव्हता. मांजर मेलं हातून, तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं ती बजावायची. सोन्याचा भाव ऐकून असेल किंवा पापाच्या भीतीने असेल, आम्ही मुलं मांजराला खडाही मारत नसू.

सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये मला तिची ही सोन्याची मांजर आठवली. लिकेजचा विषय संपल्यावर मांजरांचा निघाला. एक जण म्हणाले, पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येऊ. दुसरे त्याहून पुढचं काहीतरी पुटपुटले, जे मी इथे लिहीत नाही. मी घरी वाचून गेले होते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे कोणताही प्राणी मारणं, त्याला विष घालणं किंवा पांगळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी सांगितल्यावर सभा एकदम कायदेशीर झाली. सेक्रेटरींनी "विषय पुढील सभेत" असं लिहून टाकलं आणि चहा आला.

पण नुसता वैताग होता तोवर मीही पुढच्या सभेवर ढकलत होते. गेल्या पावसाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला आली आणि प्रकरण बदललं. तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, घरात मांजर आहे का? लेक म्हणाली, "नाही. येते एक." डॉक्टर हसल्या, हे उत्तर त्यांच्या सवयीचं असावं. मग त्यांनी टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीबद्दल सांगितलं. संसर्ग झालेल्या मांजराच्या विष्ठेतून त्याची बीजं बाहेर पडतात, ती मातीत महिनोन्महिने टिकतात, आणि गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. मला वाटलं, आता त्या मांजर हाकलायला सांगणार. त्यांनी उलटंच सांगितलं. मांजराला हात लावल्याने सहसा काही होत नाही. माती आणि घाण यांच्यापासून लेकीला लांब ठेवा, भाजी नीट धुवा, मांस पुरतं शिजवा, हातमोजे वापरा. आणि घाण रोजच्या रोज उचला, कारण ती बीजं ताजी असताना लागत नाहीत, ती लागण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस जातात.

म्हणजे वाफ्यात बेमालूम झाकून ठेवलेली घाणच सगळ्यात वाईट. टापटीपच नडत होती.

त्याच दिवसांत ती घरात शिरायला लागली. पावसात बाहेर कोरडी माती मिळत नाही, मग कोरड्याच्या शोधात ती पायपुसण्यावर, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात, एकदा तर पाळण्यासाठी शिवून ठेवलेल्या गोधडीवर. गोधडीवर बघितल्यावर मी जी ओरडले, ते वरच्या मजल्यापर्यंत गेलं. खिडकीच्या ग्रिलमध्ये जेमतेम चार इंचांची फट. त्यातून हे धूड आत येतं कसं, म्हणून मी एकदा स्वयंपाकघरात दिवा बंद करून उभी राहिले. आधी डोकं आलं. मग एक खांदा, मग दुसरा, मग बाकी सगळी घडी केल्यासारखी सरकत आली आणि ओट्यावर उतरून पुन्हा मांजर झाली. मांजराच्या गळपट्टीचं हाड आपल्यासारखं सांध्याला जखडलेलं नसतं, स्नायूंत मोकळं असतं. त्यामुळे डोकं गेलं की बहुतेक वेळा बाकीचंही जातं. खिडकीला नायलॉनची मच्छरजाळी होती, ती तिने नखांनी एका रात्रीत फाडली. स्टीलची बारीक जाळी बसवून घेतली तेव्हा ग्रिलचा मार्ग बंद झाला. महाग पडली, पण डासही गेले.

त्याआधी एक श्रावणातला सत्यनारायण झाला. प्रसादाचा शिरा झाकण जरा तिरकं ठेवून ओट्यावर होता. नैवेद्याआधी तिने नैवेद्य केला. मला आश्चर्य वाटलं ते तिने शिरा खाल्ल्याचं, कारण मांजराला गोड कळतच नाही. अमेरिकेतल्या मोनेल संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिलं की गोडाची चव ओळखायला जे जनुक लागतं, ते मांजरकुळात निकामी झालेलं आहे. वाघ-चित्त्यांचीही तीच गत. म्हणजे सव्वा वाटी साखर तिच्या लेखी नव्हतीच. तिने खाल्लं ते साजूक तूप. शिरा पुन्हा केला. गुरुजींना सांगितलं नाही, इथे पहिल्यांदाच सांगतेय.

या सगळ्यात मला जे खरोखर नवं कळलं ते एका तणामुळे. पावसाळ्यात भिंतीच्या कडेने खोकली माजते. दातेरी पानांची, गुडघ्याएवढी, कुंड्यांतही उगवते. कोणी मुद्दाम लावत नाही. ऑगस्टात एका सकाळी मी ती मुळासकट उपटून फरशीवर ढीग केला आणि आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर बघते तर ती त्या ढिगात उताणी. पाठ घासतेय, मुळं दातात धरतेय, लाळ गळतेय, डोळे अर्धे मिटलेले. भिंतीवरून पलीकडचा बोका उतरला, एरवी दोघांचं विळ्या-भोपळ्याचं, पण तोही तिच्या शेजारी गडाबडा लोळायला लागला. मी घाबरलेच. वाटलं, कोणीतरी विष घातलं आणि आता नाव माझं येणार, कलम ३२५.

आजी गॅलरीतून बघत होत्या. "काही झालं नाही त्यांना," त्या वरून म्हणाल्या. "खोकलीच्या मुळाने मांजर खुळावतं. आमच्या गावाला पोरं मुद्दाम टाकायची मांजरापुढे आणि मजा बघायची." आणि खरंच, पाव तासाने दोघंही उठली, अंग झाडलं आणि एकमेकांवर फिस्कारून आपापल्या दिशेने गेली.

मी त्या ढिगाशी उभी. दरवर्षी मी तण उपटते, म्हणजे मुळं उघडी करते, आणि तिथेच सुकत टाकते. त्यावर भुसभुशीत माती. म्हणजे जेवणाचं आमंत्रण, वर विडा, आणि पाहुणे आले की मी काठी घेऊन दारात. खोकली आता मी उपटते ती थेट पिशवीत आणि पिशवी कचऱ्यात.

त्या दिवशी आजींना मी चहाला खाली बोलावलं. दोन वर्षांत जे बोलता आलं नव्हतं ते सोपं गेलं, कारण आधी खोकलीवर बोलून झालं होतं. मी डॉक्टरांचं सांगितलं. त्या गप्प ऐकत होत्या. मग मी भीत भीत दुधाचा विषय काढला. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. सकाळी साडेसातला तुमचं दूध आणि आठला माझा वाफा. आजींनी बशी खाली ठेवली. "म्हणजे मी तिला जुलाब करतेय?" त्यांना एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, "थोडं दिलं तर चालत असेल." "नाही नाही," त्या म्हणाल्या, "मग मला अंडं उकडून द्यावं लागेल." आणि बशीतला चहा पुन्हा घेतला.

पिल्लांचा विषय त्यांनीच काढला. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. आमच्या बिल्डिंगने गेल्या दोन वर्षांत त्यातली पाच बघितली होती, त्यात आमच्या माळ्यावरची जुनी सूटकेसही. मांजरीला दिवस राहिल्यापासून विते तोवर साधारण दोन महिने, आणि पिल्लू सहा महिन्यांचं होईतो तेही त्या वाटेला लागू शकतं. आजींनी बोटांवर हिशोब केला आणि बोटं संपल्यावर थांबल्या. ऑपरेशन करायचं ठरलं. आता वर्गणी. तेव्हा मात्र 'ती येते आपली' म्हणणारी सगळी घरं एकेक करून पुढे आली. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी खाऊचे पैसे आणून दिले. वॉचमनने पैसे दिले नाहीत, पण पिंजरा तोच घेऊन गेला, आणि पावतीवर नाव काय लिहायचं म्हणून दवाखान्यातून फोन आला तेव्हा जिन्यात पाच मिनिटं वाद झाला. शेवटी 'महाराणी' लिहिलं, कारण फोन त्याच्याकडे होता. परत आली तेव्हा डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. ऑपरेशन झाल्याची ती खूण. पुन्हा कोणी धरून नेऊ नये म्हणून.

वाफ्याचं म्हणाल तर आता बंदोबस्त आहे. पेरणी झाली की मातीवर कोंबडीची जाळी आडवी अंथरते, कडांना विटा. मेथी भोकांतून वर येते, पंजाला उकरायला जागा मिळत नाही. भाजी उपटताना मुळं जाळीत अडकतात आणि जीव जातो, म्हणून आता कात्रीने कापते. रिकाम्या वाफ्यावर बोगनवेलीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या. त्याने मांजराला किती टोचतं ते मांजर जाणे, मला दर वेळी टोचतं. आणि संध्याकाळी पाणी घालते, कारण ओल्या मातीत तिला बसायला आवडत नाही.

तिला दुसरी जागा दिल्यावाचून यातलं काही टिकलं नसतं, हे मात्र खरं. पाण्याच्या टाकीमागे, वर जुना पत्रा असलेल्या कोपऱ्यात, मी तीन घमेली वाळू टाकली. चाळीत बांधकाम चालू होतं, तिथून मागून आणली. पहिले चार दिवस ती वाळू नुसती हुंगून जायची. मग मी वाफ्यातलंच थोडं 'तिचं' उचलून त्या वाळूत पुरलं. हे करताना सेक्रेटरी जिन्यातून उतरत होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ती वाळूत गेली.

बोका येतोच अजून. भिंतीवर फवारून जातो, आणि त्याच्यावर वर्गणी काढायची तर तो शेजारच्या बिल्डिंगचा, म्हणजे त्यांची सभा व्हायला हवी.

वाळू साफ करायचं काम माझ्याकडे आलंय. आजींना वाकवत नाही, मुलांची सकाळची शाळा, वॉचमनची ड्यूटी बदलते. लेक आणि नात त्यांच्या घरी गेल्या, पण रोजच्या रोज उचलायची सवय लागली ती लागलीच. सकाळी आठला हातमोजे, जुनं खुरपं, पिशवी. खुरप्याचा आवाज झाला की वरची गॅलरी उघडते.

"झालं का गं तिचं?" आजी विचारतात.

"झालं."

"नीट?"

"नीट."

मग त्या अंडं सोलायला आत जातात.